शुक्रवारचे यजमान

उभ्या जन्मात मांसाचा कण जिभेवर न ठेवता बर्गर आणि बार्बेक्यू या दोन विषयांत ज्याचा शब्द अखेरचा मानावा, असा माणूस साऱ्या आखाती मुलुखात एकच होता आणि तो माझा साडू होता, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्क्याचा टिपका, अंगात मॉलच्या एसी देखभालीचा निळा गणवेश, अशा थाटात हा गृहस्थ मस्कतच्या अमेरिकन पद्धतीच्या हॉटेलात शिरला की दारातली मुलगी इतर गिऱ्हाइकांना थांबवून आधी साडूभाऊंना टेबल देत असे. आत भट्टीवर मेंढ्यांचे फरे आणि कोंबड्या लटकलेल्या, आणि त्यांच्यामधून हे लग्नघरातल्या वरबापासारखे नमस्कार घेत चालत. मागून आम्ही. आम्ही म्हणजे मी, आणि त्या आठवड्यात ज्याला घरची आठवण फार छळते आहे असा साडूभाऊंच्या तावडीत सापडलेला कुणीतरी.

साडूभाऊ आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथचे, मी तिथल्याच बोथचा जावई. म्हणजे तेही बोथचेच जावई, पण थोरले. त्यांची बायको अक्का आणि माझी बायको या सख्ख्या बहिणी. मी मस्कतला एका बांधकाम सामानाच्या कंपनीत हिशेबनीस म्हणून आलो तेव्हा साडूभाऊ तिथं मुरलेले होते. आम्हा दोघांचीही कुटुंबं गावाकडं. विमानतळावर मला घ्यायला आले तेव्हा पहिला प्रश्न "प्रवास कसा झाला" हा नव्हता. "तुमी खाता नं?" असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, दारूबद्दल विचारतायत. मी घाबरून "नाही नाही" म्हणालो. त्यांचा चेहरा असा पडला की मला पुढं खुलासा करावा लागला. मी मटण खातो हे कळल्यावर त्यांनी माझी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

त्या हॉटेलाशी त्यांचं नातं कसं जुळलं, ती हकिकत ते कुणालाही सांगत. भर उन्हाळ्यात, गिऱ्हाइकांनी हॉटेल भरलेलं असताना तिथला एसी बंद पडला होता. साडूभाऊंनी छतावरच्या पोकळीत सरपटत जाऊन तो चालू केला. खाली उतरले तर लेबनानी मॅनेजरनं कृतज्ञतेनं त्यांच्यापुढं वीतभर उंचीचा कोंबडीचा बर्गर ठेवलेला, वर कागदी झेंडा रोवलेला. साडूभाऊंनी हात जोडले. मॅनेजर हिरमुसला, अरबांच्या देशात पानावरून उठणं म्हणजे अपमान. मग साडूभाऊंनी मला फोन केला. "साडूभाऊ, जसे असान तसे या. इज्जतीचा सवाल हाय." मी टॅक्सीनं धावत गेलो आणि त्यांच्या इज्जतीखातर तो बर्गर खाल्ला. ते समोर बसून माझ्या जबड्याची हालचाल पाहत होते. माझं झाल्यावर मॅनेजरनं त्यांचीच पाठ थोपटली. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी आमची तिथं हजेरी.

हॉटेल पाहण्यासारखं होतं खरं. दारात लाकडाचा उंच अमेरिकन गुराखी, भिंतींवर घोड्याची खोगिरं, दोर, कंदील आणि गाडीची जुनी चाकं. पहिल्यांदा ते चाक पाहून साडूभाऊ कितीतरी वेळ हसत होते. "आमच्या गुरांच्या कोठ्यात असंच पडलं हाय, कोंबड्या बसतात त्याच्यावर. अन् इथं लेकाच्यायनं त्याले दिवा लावला!" पण पुढच्या रजेत घरी गेले तेव्हा ते चाक त्यांनी धुऊनपुसून ओसरीवर टेकवून ठेवलं, असं बायकोनं मला फोनवर सांगितलं.

मेन्यूकार्ड ते दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. ते उघडून, चष्मा नाकावर ओढून, माणसाकडं एकदा आणि कार्डाकडं एकदा पाहून कुणी काय खायचं ते ठरवीत. "तुमाले खोकला हाय, तुमी कोंबडीचं घ्या. मेंढा कफ करते." "हा पोरगा वाळून राह्यला, याले दोन मजल्याचा बर्गर सांगा." करीमनगरकडचा एक तेलुगू वेल्डर एकदा आमच्याबरोबर होता. त्यानं आपल्या मनानं काहीतरी मागवलं, तर साडूभाऊंनी वेटरला हाक मारून ते बदललं आणि वेल्डरला समजावलं, "अन्ना, तुमको घर की याद आ रही है ना? तो तीखा वाला खाओ. रोना भी आया तो मिरची का नाम." तो बिचारा खाता खाता खरंच रडला, आणि मिरचीवर ढकलून मोकळा झाला. माणसं ओळखण्यात साडूभाऊंचा अंदाज असा कधीमधी बरोबर येई. लाकडाच्या बाबतीत मात्र तो कधीच बरोबर येत नसे. भट्टीचा धूर हुंगून ते ठामपणे "बाभूळ" म्हणत. भट्टीवरच्या नेपाळी आचाऱ्यानं एकदा कोळशाचं पोतं दाखवून हा लिंबाच्या झाडाचा, फार लांबून येतो, असं सांगितलं. साडूभाऊंनी पोत्यात नाक घातलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याले फसवलं कोनीतरी. बाभूळच हाय."

गाईचं मांस टेबलावर येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा एकमेव कायदा. ऑर्डर द्यायच्या आधी ते वाढणाऱ्या फिलिपिनी मुलीला हात जोडून सांगत, "नो काऊ. काऊ मदर." दर शुक्रवारी न चुकता. तिला त्यातला कार्यकारणभाव कधी उमगला नाही. काही महिन्यांनी तिनं अतिशय आपुलकीनं विचारलं, "सर, हाऊ इज युवर मदर?" साडूभाऊ गहिवरले. "मदर फाईन. जैनथ. नी पेन," असं म्हणून त्यांनी आपला गुडघा चोळून दाखवला. त्यानंतर ती दर शुक्रवारी त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करी आणि ते फोनवर आईला सांगत, "माय, इथली एक पोरगी तुह्यी लय आठवन काढते." म्हातारी तिकडून विचारी, "कोन्त्या गावची हाय?"

आणखी एक खोड म्हणजे वाढदिवस. तिथं कुणाचा वाढदिवस असला की सारे वेटर टाळ्या वाजवत येत, डोक्यावर गुराख्याची टोपी चढवत आणि आइस्क्रीम देत. साडूभाऊंना हा सोहळा इतका आवडला की आमच्या टेबलावर दर थोड्या दिवसांनी कुणाचा ना कुणाचा वाढदिवस निघू लागला. माझाच एका वर्षात इतक्यांदा झाला की मी पन्नाशी केव्हा ओलांडली ते मॅनेजरनं मला विचारावं. मी एकदा चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "तुमच्यासाठी सात जनं टाळ्या वाजवून राह्यले साडूभाऊ. कंपनीत एक तरी वाजवते का?"

ते स्वतः काय खात? भाजलेला मका, कोबीची गोडसर कोशिंबीर आणि उकडलेला बटाटा. नेपाळी आचाऱ्याशी मैत्री करून त्यांनी भट्टीचा एक कोपरा पत्र्यानं वेगळा काढून घेतला होता. त्याला आम्ही सोवळ्याचा कोपरा म्हणत असू. खिशात स्टीलची डबी, तिच्यात घरून आलेली शेंगदाण्याची चटणी. ती मक्याला चोळायची. आणि मग आपला मका चघळत समोरच्याची उलटतपासणी सुरू. "हाडापासून सुटते का? का दातानं ओढा लागते? धूर अगोदर लागते का मंग? आंबट-गोड चटनी वरून लावली का आतपर्यंत गेली?" "चांगलं आहे" या उत्तरावर ते संतापत. "चांगलं म्हन्जे काय? चांगलं त पानीबी असते!" त्यांच्यापायी मला प्रत्येक घास चावता चावता शब्द शोधावे लागत. मेंढीच्या नळीबद्दल तर फारच चौकशी: गूदा आत आहे का, सैल आहे का, ठोकल्यावर पडतो का. मी एकदा न राहवून विचारलं, "साडूभाऊ, तुम्ही खात नाही, पिढ्यांचे माळकरी. मग हा सगळा उपद्व्याप कशाला?"

"पाहून ठिवतो," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"असंच."

मग अक्काचं यायचं ठरलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, नवऱ्याचं अर्धं आयुष्य परदेशात गेलं, आणि ती बाई आदिलाबाद-नांदेडच्या पुढं कधी गेली नव्हती. मुलगी लग्न होऊन नांदेडला गेलेली, मुलगा वसतिगृहात. प्रश्न सासूचा होता. माझी बायको आमच्या पोरांना घेऊन महिनाभर जैनथला जाऊन राहिली, तेव्हा कुठं अक्काला विमानात बसता आलं.

अक्काबद्दल मला एक गोष्ट बायकोकडून ऐकून माहीत होती. माहेरी बोथला त्यांच्या घरी दर रविवारी मटण शिजे, आणि नळीसाठी दोघी बहिणींची अशी जुंपे की वडिलांना मधे बसावं लागे. बहुतेक वेळा अक्काच जिंके. माळकऱ्यांच्या घरात पडल्यापासून मात्र तिनं ते सोडलं होतं. सासरी कुणी सक्ती केली नव्हती. पहिल्याच दिवशी सासूनं "आपल्या घरात चालत नाई" एवढं सांगितलं, तेवढं पुरलं. माहेरी आल्यावर आई मुद्दाम तिच्यासाठी करी, तर ही पिठलं-भाकर घेऊन बाजूला बसे. कुणी आग्रह केला तर म्हणे, "आत्याबाईनं पुसलं त खोटं बोला लागन."

पहिल्या शुक्रवारी साडूभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. अक्का हिरव्या साडीत, खांद्यावरून पदर घेऊन, त्या लाकडी गुराख्याकडं बिचकून पाहत आत आली. फिलिपिनी मुलीनं तिचे दोन्ही हात हातात घेऊन तिच्या सासूच्या गुडघ्याची विचारपूस केली तेव्हा तर ती चक्रावलीच. आम्ही बसलो. साडूभाऊंनी मेन्यूकार्ड उघडलंच नाही. त्यांनी आचाऱ्याकडं पाहून नुसती मान हलवली. माझी समजूत अशी की आज दोन मके येणार. आली ती मेंढीची अख्खी नळी, मंद आचेवर भाजलेली, वर काळपट लाल चटणी, शेजारी कोंबडीचा फरा. ताट अक्कासमोर ठेवलं गेलं.

अक्कानं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग नवऱ्याकडं. "हे तुमच्या साडूभाऊचं हाय नं?"

"तुह्यं हाय," साडूभाऊ म्हणाले.

"काही बोलता का? तुमच्या माळीसमोर?"

"माळ माह्या गळ्यात हाय. तुह्या नाई."

अक्काचा चेहरा लाल झाला. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळू लागली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण साडूभाऊंनी टेबलाखाली माझा गुडघा दाबून धरला होता. मग ती हळूच म्हणाली, "आत्याबाईले काय सांगू?"

"तू नको सांगू. मी सांगन. खरं सांगन."

ती उठून हात धुवायला गेली. ती परत येईल की बाहेर जाऊन उभी राहील, ते मला कळेना. साडूभाऊ तिच्या पाठीकडं पाहत मला म्हणाले, "लग्नानंतर पयल्यांदा सासुरवाडीले गेलो होतो. दुपारी मटन शिजून राह्यलं होतं. मी पानी प्याले आत गेलो त ही सैपाकघराच्या दारात उभी होती. डोळे मिटून. नुसता वास घेऊन राह्यली होती. मंग गेली अन् अंगनात जाऊन बसली. तिले माईत नाई मी पाह्यलं. मले तवा काही बोलता नाई आलं साडूभाऊ. नवीन होतो. मंग बोलाचं राहूनच गेलं."

अक्का परत आली, बसली. ओल्या हातानं तिनं नळीचा एक लचका तोडून तोंडात घातला. चावला. गिळला. मला वाटतं, साऱ्या जन्मात साडूभाऊंनी पहिल्यांदाच समोर खाणाऱ्याला काही विचारलं नाही. अक्काच बोलली.

"याले रस्सा नाई का?"

साडूभाऊंचं तोंड पाहण्यासारखं झालं. इतकी वर्षं त्यांनी मऊपणा पाहिला, धूर पाहिला, आंबट-गोड पाहिलं, पण रश्शाचं त्यांच्या ध्यानीच आलं नव्हतं. "रस्सा नसते यायच्यात," ते चाचरत म्हणाले.

"सुकं सुकं काय खाऊ?" असं म्हणत अक्कानं दुसरा लचका तोडला, मग तिसरा. मग तिनं नळी उभी धरली आणि ताटावर ठोकली. ठक, ठक, ठक! हॉटेलातली सारी मंडळी वळून पाहू लागली. गूदा ताटात पडला तेव्हा अक्का अशी हसली की मला एकदम माझ्या बायकोची आठवण आली; दोघींचं हसणं एकच आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. साडूभाऊ आपल्या मक्याला चटणी चोळत होते, पण डबी उलटी धरून.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जैनथला फोन लावला. मला शेजारी बसवलं होतं. "माय, हिनं काल मटन खाल्लं. मीच खाऊ घातलं. तुले सांगून ठिवतो." पलीकडून फोन बंद झाला. माझ्या बायकोनं नंतर कळवलं की म्हातारी फोन ठेवून देवासमोर बसली, संध्याकाळी जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून जणू काही घडलंच नाही असं वागू लागली. अक्का परत गेल्यावरही ती एका शब्दानं बोलली नाही. तेच साडूभाऊंना जास्त लागलं. "शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं," असं ते म्हणत. त्यांच्या शुक्रवारांतली रयाच गेली. मेन्यूकार्ड मला वाचू देऊ लागले, यावरून ओळखा.

त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि गावी जाऊन कापूस-सोयाबीन बघू लागले. मी रजेवर गेलो तेव्हा बायकोला घेऊन जैनथला गेलो. साडूभाऊंनी तेलाचा रिकामा पिंप उभा चिरून शेतातल्या कडुलिंबाखाली भट्टी मांडली होती. घरात नाही, शेतात. आईचा मान ठेवून. रविवार होता. पिंपावर मटण भाजत होतं, शेजारच्या चुलीवर अक्काच्या हातचा रस्सा उकळत होता, आणि साडूभाऊ सुपानं वारा घालत मला सांगत होते, "बाभूळ हाय. या वेळी मीच तोडली."

आम्ही जेवायला बसलो होतो. अक्काच्या हातात नळी होती. तेवढ्यात बांधाकडून ऑटोचा आवाज आला, आणि त्यातून म्हातारी उतरली. काठी टेकत, गुडघा धरत, कापसाच्या ओळीतून ती सरळ आमच्याकडं येत होती. साडूभाऊंच्या हातातलं वारा घालायचं सूप खाली पडलं. अक्कानं नळी पदराआड घेतली. माझ्या बायकोनं उगाच पाण्याचा तांब्या उचलला.

म्हातारी आली, बाजेवर टेकली, धापा टाकत सगळ्यांकडं एकेकदा पाहून घेतलं. "वास सडकेपर्यंत येऊन राह्यला," ती म्हणाली.

मग ती सुनेकडं वळली. "पदर कायले खराब करतं वं? काढ ते. अन् ऊन ऊन खाय. थंडी झाली की नळी बसते, मंग कितीबी ठोकली तरी निंगत नाई."

अक्कानं नळी पदराआडून काढली. साडूभाऊ पुटपुटले, "माय, तुले कसं माईत?"

"काऊन? मले का माहेर नव्हतं?" म्हातारी म्हणाली. "माह्या बापाचं गाव पैनगंगेच्या काठावर. आमच्यात सारंच चाले. पावसाळ्यात नदी भरली की मासोळी ये. इथं आली अन् तुह्या आजीनं माळ दाखवली. मी म्हनलं, बरं. मंग कोनी पुसलं नाई, मीबी बोलली नाई." तिनं काठी बाजूला ठेवली. "ह्या पोरीचं फोनवर आयकलं तवा राग नाई आला रे. मले वाटलं, माह्यासाठी काऊन कोनी असं केलं नाई?"

साडूभाऊ मातीत तिच्या पायाशी बसले. मग म्हणाले, "आनू का माय? मासोळी? पैनगंगा काय दूर हाय."

"आता नको. आता माळ हाय गळ्यात, दातबी गेले," म्हातारी हसली. "अन् चव कुठं आठवते आता? वास तेवढा राह्यला. ओल्या मिरचीचा अन् मासोळीचा, मडक्यातला."

अक्का उठली. हात धुतले, चूळ भरली, आणि येऊन सासूला लागून बाजेवर बसली. "कोन्ती मासोळी, आत्याबाई?" तिनं विचारलं. म्हातारी सांगू लागली: कोणती, कशी धरायचे, तिची आई मडक्याला आतून काय चोळायची, पावसात चूल कशी धुमसायची, भाऊ मोठा तुकडा कसा पळवायचा. ऑटोवाला बांधावरून दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाला. पिंपातला विस्तव राखेखाली गेला, रस्सा गार झाला, आणि आम्ही कुणीच उठलो नाही.